फोल्डिंग सायकलवर पाय घट्ट कसा बसतो

मालाड पश्चिमेला लोकलमधून उतरून माइंडस्पेसच्या ऑफिसांत पोहोचायचं, तर अंतर दोन-तीन किलोमीटरचं. एवढ्याशा अंतरासाठी रिक्षाची रांग, एस. व्ही. रोडची कोंडी आणि लिंक रोडचे सिग्नल असा सगळा व्याप पार करावा लागतो. त्याला फोल्डिंग सायकल हा फार चांगला उपाय आहे. घरापासून स्टेशनपर्यंत चालवायची, घडी करून लोकलच्या मालडब्यात उभी करायची आणि पलीकडच्या स्टेशनवर उघडून पुन्हा निघायचं. मेट्रो २अ आणि मेट्रो ७ यांचा पहिला टप्पा एप्रिल २०२२ मध्ये आणि उरलेला जानेवारी २०२३ मध्ये सुरू झाला. या गाड्यांतही सायकल नेता येते. त्यामुळे मीठ चौकीच्या बाजूला राहणारे असोत की पूर्वेला कुरार-दिंडोशीला राहणारे, दोघांचीही सोय झाली.

सायकल घेताना चौकशी होते ती वजनाची, गिअरची आणि घडी किती झटपट होते याची. पेडलबद्दल कोणी फारसं विचारत नाही. कारखान्यातून जी घडीची प्लास्टिकची पेडलं लागून येतात, तीच वर्षानुवर्षं राहतात. ऑक्टोबर ते मे त्यांच्याबद्दल तक्रारही नसते. जूनमध्ये रस्ता पहिल्यांदा भिजतो, वर्षभर साचलेलं ऑइल आणि धूळ यांचा बुळबुळीत थर बुटाच्या तळाला लागतो, आणि पाय सटकायला लागतो.

सटकण्याच्या वेळा ठरलेल्या असतात. पहिली वेळ सिग्नल सुटतानाची. सीटवरून किंचित उठून आपण पुढच्या पेडलवर सगळा भार टाकतो. तेव्हा ते पेडल वर आणि जरासं पुढे असतं, त्यामुळे पायाचा जोर खाली लागतो तसा पुढेही लागतो. तळ ओला असेल तर बूट पुढे सरकलाच. दुसरी वेळ खड्ड्याची. फोल्डिंग सायकलचं चाक बहुधा २० इंची असतं, म्हणजे टायर जिथे बसतो तो रिमचा व्यास ४०६ मिलिमीटर. ब्रॉम्प्टन कंपनीच्या फोल्डिंग सायकलचं चाक १६ इंची, ३४९ मिलिमीटरचं. शहरात चालणाऱ्या मोठ्या सायकलींचं रिम ६२२ मिलिमीटरचं असतं. मोठं चाक जो खड्डा वरच्या वर ओलांडतं, त्याच खड्ड्यात लहान चाक आत उतरतं. मग उखडलेल्या पेव्हर ब्लॉकचा हादरा थेट तळपायाला बसतो. पाय क्षणभर पेडलवरून उचलला जातो, आणि खाली येताना तो त्याच जागी येईल याची खात्री नसते. तिसरी वेळ भरभर पाय मारण्याची. हलक्या गिअरमध्ये पाय जोरात फिरतात तेव्हा पेडल अगदी खाली गेल्यावर त्यावरचा भार जवळजवळ संपलेला असतो. तिथे पाय अलगद सुटतो.

सुटलेला पाय जमिनीवर टेकला तर नशीब. बहुतेक वेळा पेडल गरकन फिरून नडगीवर बसतं. शिवाय लहान चाकाचं हँडल फार चटकन वळतं, आणि घडीच्या सायकलला हँडलची दांडीही उंच असते. पाय सुटला की अंगाचा भार हातांवर येतो आणि सायकल एका बाजूला जाते. शेजारून बेस्टची बस चाललेली असते त्या रस्त्यावर हे होता कामा नये. म्हणून या विषयाकडे हौसेचा विषय म्हणून पाहू नये, असं मला मनापासून वाटतं.

आता मुद्द्यावर येऊ. पकड तीन जागी लागते. एक, तळपाय आणि चप्पल-बुटाची आतली बाजू यांच्यामध्ये. दोन, बुटाचा तळ आणि पेडलची पाटी यांच्यामध्ये. तीन, पेडलची पाटी आणि तिचा आस यांच्यामध्ये. आपण पाहतो ती फक्त दुसरी जागा. उरलेल्या दोन ढिल्या असतील तर महागातलं पेडल घेऊनही पाय हलतच राहतो.

पहिल्या जागेचं सगळ्यात सोपं उदाहरण म्हणजे हवाई चप्पल. तिचा तळ मऊ असतो, कोरड्या दिवसांत पेडलवर बरा धरतोही. पण पाऊस सुरू झाला की ओला तळपाय चपलेच्या आतच घसरतो. चप्पल पेडलवर जागच्या जागी राहते आणि पाय पुढे निघून जातो. त्याला थोपवायला अंगठ्याजवळचा एक पट्टा, बस. टाचेला काहीच नाही. पायात सरकवायच्या सँडलची गत तीच, आणि ऑफिसला घालायच्या बेलीजचीही तीच, कारण टाच वर उचलली की त्या मागून निघतात. पावसात उघड्या पादत्राणाशिवाय गत्यंतर नसेल, तर टाचेमागे पट्टा असलेला फ्लोटर घ्या. तो घालून दुकानातच पाय पुढे-मागे रेटून पाहा. आतली पाटी गुळगुळीत नको, तिच्यावर उंचवट्यांची नक्षी हवी. पट्टा सुटा ठेवून चालवणार असाल तर तो असून नसल्यासारखा आहे.

आता दुसरी जागा, आणि खरा विषय इथेच आहे. रबर दोन प्रकारे धरून ठेवतं. कोरड्या पृष्ठभागावर ते अगदी जवळ जाऊन चिकटतं. आणि पृष्ठभाग खडबडीत असेल तर त्याच्या उंचवट्यांभोवती दबतं, त्यांच्यात अडकतं. मध्ये पाण्याचा पातळ थर आला की पहिला प्रकार जवळपास बंद पडतो. मग सगळी मदार दुसऱ्यावर. कोरड्यात झकास वाटणारं सपाट रबरी पेडल पावसात दगा देतं ते यामुळेच. आणि बारीक खिळ्यांसारखे दाणे असलेलं पेडल ओल्यातही पाय धरून ठेवतं, कारण दाणा पाण्याचा थर फोडून थेट रबरात रुततो. या दाण्यांना सायकलवाले पिना म्हणतात, आपणही तेच म्हणू.

पण पीन रुतायची तर समोर रुतण्याजोगं रबर हवं. म्हणून माझं सांगणं असं की आधी बूट ठरवा, मग पेडल. रोज संध्याकाळपर्यंत पायात काय असणार आहे ते आपल्याला पक्कं ठाऊक असतं. पेडल त्याला जुळवून घेता येतं. पेडल आधी घेतलं आणि बूट मात्र कडक तळाचे राहिले, तर पैसे गेले.

बुटाचा तळ तपासायची रीत साधी आहे. बूट उलटा धरा आणि चवड्याच्या जागी अंगठ्याचं नख जोर लावून दाबा. नखाची खूण उमटून हळूहळू भरून आली, तर रबर मऊ आहे, पीन त्यात बसेल. खूण उमटलीच नाही आणि नखालाच कळ लागली, तर तो तळ कडक प्लास्टिकचा किंवा कडक रबराचा आहे, ओल्या पेडलवर तो फरशीवरल्यासारखा घसरेल. खूण उमटली आणि तशीच राहिली, तर तो बहुधा नुसता फोम आहे. त्यात पीन रुतते, पण काही महिन्यांत त्याचे लचके निघतात.

नक्षीबद्दल एक गैरसमज फार पसरलेला आहे. खोल खाचांचा ट्रेकिंगचा बूट डोंगरावर पकड देतो, म्हणून पेडलवरही देईल असं वाटतं. सह्याद्रीतल्या चिखलात तो बूट चांगलाच, कारण त्याचे मोठे ठोकळे मातीत रुततात. पेडलवर मात्र माती नसते, असतात त्या पिना. त्या कधी ठोकळ्याच्या डोक्यावर येतात, कधी दोन ठोकळ्यांमधल्या पोकळीत. बूट नेमका कुठे टेकला आहे हे पायाला कळत नाही. पेडलला सपाट तळ मानवतो, फार खोल नसलेल्या बारीक नक्षीचा. धावण्याचे बूट आणखी वेगळे. त्यांचा फोम जाड आणि मऊ असतो, त्यामुळे पायाने लावलेला जोर थोडा फोममध्येच जिरतो. शिवाय तळाला रबर असतं ते टाचेला आणि चवड्याला, मधला भाग बऱ्याचदा उघडा फोमच असतो.

मग घ्यावं काय? शाळेत पी.टी.ला घालायचो तसले सपाट रबरी तळाचे कॅनव्हासचे बूट या कामाला चांगले उतरतात, आणि ते स्वस्तही आहेत. तळ सलग, रबर पुरेसं मऊ, आणि कापड लवकर वाळतं. अमेरिकेतल्या स्केटबोर्डवाल्यांनी नेमक्या असल्याच बुटांना उचलून धरलं. १९६६ मध्ये कॅलिफोर्नियात सुरू झालेल्या व्हॅन्स कंपनीचे जाळीदार नक्षीचे सपाट तळ स्केटबोर्डवर चिकटून राहत, म्हणून ते पुढे बीएमएक्स सायकलवाल्यांच्याही पायात आले. त्याहून एक पायरी वर फाइव्ह टेन. चार्ल्स कोल या गिर्यारोहकाने १९८५ मध्ये ही कंपनी सुरू केली. खडकावर चिकटणारं रबर कड्यांसाठी बनवलं होतं, ते पुढे डोंगरी सायकलींच्या बुटांनाही लावलं गेलं. २०११ मध्ये आदिदासने ही कंपनी घेतली. असे बूट पिनांच्या पेडलवर इतके घट्ट बसतात की पाय हलवायचा तर उचलूनच हलवावा लागतो. पण स्टेशन ते ऑफिस एवढ्या प्रवासाला इतकी पकड लागत नाही. जाड अस्तराचे हे बूट एकदा चिंब झाले की मुंबईच्या जुलैत दुसऱ्या दिवशीही ओलेच सापडतात.

ऑफिसचे चामडी बूट घालूनच जायचं असेल, तर चामड्याचा तळ सायकलसाठी बादच समजा. तळाला पातळ रबरी हाफ सोल लावून घेणं हा रास्त इलाज. स्टेशनाबाहेरचे गटई कामगार हे काम तासाभरात करून देतात. त्यांना एवढंच सांगायचं की कडक शीट नको, मऊ लावा, आणि नक्षी बारीक हवी. चवड्यापासून तळव्याच्या मध्यापर्यंत रबर यायला हवं, कारण पेडलवर तेवढाच भाग टेकतो. नाहीतर ऑफिसचे बूट ऑफिसच्या खणात ठेवायचे आणि ये-जा कॅनव्हासवर करायची. उंच टाचेच्या सँडलना मात्र काही उपाय नाही. त्यांत पेडलला फक्त चवडा लागतो आणि घोटा सारखा डुगडुगत राहतो.

मे महिन्याच्या शेवटी एक काम आठवणीने करावं. गेल्या पावसाळ्यानंतर कपाटात ठेवलेले बूट बाहेर काढून त्यांचा तळ वाकवून पाहावा. बऱ्याच बुटांचा तळ पॉलियुरेथेनचा असतो. हवेतल्या दमटपणाने हा पदार्थ आतून तुटत जातो, बूट वापरले नाहीत तरीही. वरून ठाकठीक दिसणारा बूट वाकवला की त्याला भेगा पडतात, भुगा गळू लागतो. रस्त्यात असा तळ सुटला तर उरलेला रस्ता सायकल हातात धरून चालावं लागेल.

नाडीबद्दल एकच वाक्य: उजव्या पायाची नाडी नेहमी खोचून ठेवा, चेन त्याच बाजूला असते.

तिसरी जागा म्हणजे पेडलच्या आत. फोल्डिंग सायकलला लागून आलेलं घडीचं पेडल एकदा हातात धरून नीट पाहा. आसाभोवती एक नळी, तिला बिजागरीने जोडलेली प्लास्टिकची पाटी, आणि पाटी आडवी राहावी म्हणून एक खाच. काहींत पाटी आसाच्या दिशेने आत दाबली की खाच सुटते आणि पाटी खाली पडते, काहींत दोन बाजूंच्या कळा दाबाव्या लागतात. रचना हुशारीची आहे, पण पायाचा सगळा भार त्या खाचेवर आणि बिजागरीवर येतो. पाटीची बाहेरची कड दोन बोटांत धरून वर-खाली हलवा. नव्या पेडलमध्येही किंचित खेळ जाणवतो. वर्षभर वापरलेल्यात तो एवढा वाढतो की जोर लावताच पाटी बाहेरच्या बाजूला झुकते. बूट कितीही चांगला असला तरी तो त्या उतारावरून बाहेर सरकणार. पाटीच्या पृष्ठभागावर साच्यातूनच आलेले प्लास्टिकचे दाते असतात. तेही झिजून गोल होतात, आणि प्लास्टिक ओलं असलं की गोल दात्यांचा उपयोग उरत नाही.

एवढ्यावरून ही पेडलं फेकून द्या असं मी म्हणणार नाही. मालडब्यात गर्दी असते. घडी केलेल्या सायकलचं उजवं पेडल बाहेर डोकावत असलं, की शेजाऱ्याच्या पँटला ते लागतंच. तिथे घडीचं पेडल ही मोठी सोय आहे. खेळ फार नसेल, तर पाटीवर खरखरीत अँटी-स्किड पट्टी चिकटवा. जिन्याच्या पायऱ्यांना लावतात तीच, हार्डवेअरच्या दुकानात मिळते. पाटी आधी साबणाने धुवून, पूर्ण कोरडी करून, कडांपासून थोडं अंतर सोडून ती लावायची. तिच्यावरचे कण टोकदार आणि कडक असतात, पाण्याचा थर फोडण्याचं काम ते करतात. एखादा पावसाळा ती नीट टिकते. मात्र चामडी बुटाच्या तळाला ती घासून काढेल, हेही ध्यानात ठेवा.

पेडल बदलायचंच ठरवलं, तर मला विचाराल तर पहिली पसंती नायलॉनच्या रुंद, सपाट, न दुमडणाऱ्या पेडलला. पाटी साधारण १० सेंटिमीटर लांब-रुंद, दोन्ही बाजूंना दाते, आणि मधला भाग कडांपेक्षा किंचित खोल. खोलगटपणा महत्त्वाचा आहे. त्यामुळे तळवा पाटीत बसतो, आणि पुढच्या व मागच्या कडांचे दाते त्याला अडवून धरतात. अॅल्युमिनियमच्या पाटीला स्क्रूच्या धातूच्या पिना असतात. त्यांची पकड नायलॉनपेक्षा नक्कीच जास्त, आणि झिजल्या तर त्या बदलता येतात. पण आपल्या भागात एक अडचण आहे, आणि ती मी गंभीर मानतो. धातूच्या पिनेने नडगी सोलवटते. जोराच्या पावसात मालाडचा सबवे भरतो, रस्त्यांवर गुडघाभर पाणी साचतं. अशा पाण्यातून जखमेसह चालणं म्हणजे लेप्टोस्पायरोसिसला आमंत्रण. पाण्यातून चालून आलेल्यांनी वेळेत डॉक्टरांना दाखवावं, असं आवाहन महापालिका दर पावसाळ्यात करते. म्हणून पावसाळ्यात रोज चालवणाऱ्याने आखूड पिना किंवा नायलॉनचे दाते घ्यावेत, आणि धातूच्या लांब पिना डोंगरात चालवणाऱ्यांसाठी सोडाव्यात.

न दुमडणारं पेडल लावलं की घडीची रुंदी वाढते. त्यावर दोन तोडगे आहेत. ब्रॉम्प्टनने पहिल्यापासून डावं पेडल दुमडणारं आणि उजवं साधं ठेवलं, कारण त्या सायकलची घडी अशी होते की उजव्या पेडलचा अडथळा येत नाही. आपल्या सायकलची घडी करून पाहा. कदाचित तुमचंही एकच पेडल आडवं येत असेल. मग दुमडणारं पेडल त्या एकाच बाजूला पुरे. दुसरा तोडगा काढता-घालता येणाऱ्या पेडलांचा. मिकाशिमा, म्हणजे एमकेएस या जपानी कंपनीची अशी पेडलं प्रसिद्ध आहेत, तैवानच्या वेलगोचीही येतात. क्रँकमध्ये, म्हणजे पेडल जिच्या टोकाला लागतं त्या दांडीत, एक छोटा जोड कायमचा बसवलेला असतो. त्याची कडी सरकवली किंवा फिरवली की पेडल आसासकट हातात येतं, आणि परत घालताना ढकललं की टक आवाज करून बसतं. पाटी बिजागरीवर नसते, त्यामुळे ती झुकत नाही. पेडल खिशात घेऊन गेलं तर सायकल चालवून पळवणंही अवघड. दोष दोन: पेडलं महाग पडतात, आणि जोडात वाळू गेली की कडी अडकते. पाय थोडे बाहेरच्या बाजूला जातात, पण त्याची सवय होते.

बुटाला खालून खटका लावून तो पेडलमध्ये अडकवण्याची पद्धतही आहे. स्कीच्या बाइंडिंगसाठी ओळखल्या जाणाऱ्या लुक या फ्रेंच कंपनीने असं पेडल १९८४ मध्ये आणलं, पुढच्याच वर्षी बर्नार इनो त्या पेडलांवर टूर द फ्रान्स जिंकला, आणि १९९० मध्ये शिमानोने चालायला सोपी अशी एसपीडी पद्धत आणली. लांब पल्ल्याला ती उत्तम. पण पाय सोडवायला टाच बाहेर वळवावी लागते, आणि एस. व्ही. रोडवर रिक्षा समोर अचानक थांबते तेव्हा तेवढी उसंत मिळत नाही. शहरातल्या फोल्डिंग सायकलला मी ती सुचवणार नाही. अडकवायचंच असेल, तर फक्त बोटं पुढे जाण्यापासून अडवणारी पट्टा नसलेली अर्धी क्लिप चालेल.

आता बसवण्याकडे वळू. फोल्डिंग सायकलच्या क्रँकला सहसा ९/१६ इंचाचे आटे असतात. दोन्ही क्रँक आणि त्यांच्यामधला आस एकाच दांडीचे असलेल्या लहान मुलांच्या साध्या सायकलींना १/२ इंचाचे. दुकानात जाताना जुनं पेडल बरोबर न्यावं, म्हणजे घोळ होत नाही. उजव्या पेडलचे आटे सुलटे, डाव्याचे उलटे. पेडल मारताना भाराची दिशा आसाभोवती सतत फिरत असते, त्यामुळे आस कणाकणाने उलट दिशेला सरकू पाहतो. डाव्या बाजूलाही सुलटे आटे असते तर चालवता चालवताच पेडल मोकळं झालं असतं. विमानाआधी सायकली बनवणाऱ्या राइट बंधूंनी १९०० मध्ये आपल्या सायकलींना डावीकडे उलटे आटे दिले, हे त्यांच्या खात्यावर जमा असलेलं एक काम.

सुलटे-उलटे लक्षात राहत नसेल, तर एवढंच पाहा: पाना पेडलच्या वर उभा धरला, की त्याचं वरचं टोक हँडलच्या दिशेने नेलं तर पेडल घट्ट होतं, मागच्या चाकाच्या दिशेने नेलं तर सुटतं. दोन्ही बाजूंना हाच नियम. पाना १५ मिलिमीटरचा, किंवा आसाच्या आतल्या टोकाला खाच असेल तर ६ वा ८ मिलिमीटरची अॅलन की. आसाच्या टोकावर एल आणि आर कोरलेलं असतं, ते तपासा. आट्यांना बोटाने ग्रीस लावा. पहिले तीन-चार वेढे हातानेच फिरायला हवेत. एका वेढ्यातच जड लागलं तर थांबा, आटे तिरके लागले आहेत. क्रँक अॅल्युमिनियमचा, आस पोलादाचा. जोर केला तर आटे क्रँकचे जातील, आणि मग क्रँकच बदलावा लागेल. बसवल्यावर आठवड्याने पाना लावून पुन्हा एकदा कसून घ्या.

पेडल बदललं की सीटची उंचीही बदलते, आणि पाय सुटण्याचं हे कारण बहुतेकांच्या ध्यानातच येत नाही. नवी पाटी आसाच्या वर जुनीपेक्षा एक सेंटिमीटर पातळ असेल, तर पाय तेवढा खाली जातो आणि सीट एक सेंटिमीटर खाली घ्यावी लागते. पातळ तळाचा बूट घातला तरी तेच. सीट उंच राहिली की पेडल तळाला जाताना टाच वर ओढली जाते, चवडा ताणला जातो, आणि पेडलवरचा भार नेमका नको तिथे सुटतो. मोठ्या सायकलची सीट एकदा बसवली की प्रश्न मिटतो. इथे मात्र सीटची दांडी दिवसातून चार वेळा खाली-वर होते. स्टेशनच्या घाईत ती कधी जास्त वर राहते, कधी कमी. दांडीवर योग्य उंचीला इन्सुलेशन टेपचा एक वेढा मारून ठेवा. उंची बरोबर आहे का हे पाहायला सीटवर बसून टाच पेडलवर ठेवा आणि पेडल अगदी खाली न्या. गुडघा सरळ व्हायला हवा, पण कंबर एका बाजूला झुकता कामा नये. मग चवडा ठेवून चालवताना गुडघ्यात हवा तेवढा बाक राहतो. दांडीवर ग्रीस किंवा ऑइल लागलं असेल तर ती चालता चालता खाली सरकते, ते पुसून काढा.

पाय कुठे ठेवायचा? चवड्याचा जाड भाग आसाच्या बरोबर वर किंवा त्याच्या किंचित पुढे. रुंद पाटीवर तळव्याचा आणखी भाग टेकतो, आणि खड्ड्यांत ते चांगलंच. नाजूक, छोटी पाटी असेल तर बोटांजवळचाच भाग टेकतो, आणि हादऱ्याला पाय पुढे निसटतो.

सुट्टीच्या दिवशी मार्वे रोडने ऑर्लेम, मालवणी मागे टाकत आक्सा, मढपर्यंत जाणारे बरेच जण आहेत. मार्वेच्या जेट्टीवरून बोटीत सायकल चढवून मनोरीला उतरणारेही आहेत. तिथला रस्ता सुंदर आहे, पण पेडलला सगळ्यात जास्त त्रास तिथेच होतो. जेट्टीच्या पायऱ्यांवर शेवाळ असतं, बुटाच्या तळाला ते लागलं की पुढचा अर्धा किलोमीटर पाय सटकत राहतो. बोटीतून उतरल्यावर दोन्ही तळ कोरड्या काँक्रीटवर घासून मगच निघा. आक्साची बारीक वाळू बिजागरीत शिरली की घडीचं पेडल करकरायला लागतं. घरी आल्यावर गोड्या पाण्याच्या हलक्या धारेने पेडल धुवा, पण आसाच्या तोंडाशी धार मारू नका, पाणी छऱ्यांपर्यंत जातं. खाऱ्या हवेत पोलादाचा आस अॅल्युमिनियमच्या क्रँकमध्ये इतका घट्ट धरतो की पुढे तो निघतच नाही. पावसाळ्याआधी आणि पावसाळ्यानंतर, वर्षातून दोनदा, पेडल काढून आटे पुसून नवं ग्रीस लावलं की हे टळतं.

कप-कोन आणि सुटे छर्रे असलेलं पेडल सायकलवाल्याकडून उघडून घेता येतं. बंद बेअरिंगचं असेल तर हाताने फिरवून पाहा. खरखर लागली किंवा पाटी आसावर डुगडुगली, तर ते बदलायला झालं. पिना पाहताना पुढच्या कडेच्या आधी पाहा, त्या सर्वांत अगोदर झिजतात. टोक गोल झालेल्या तेवढ्या काढून नव्या बसवायच्या. निघत नसतील तर खाचेतला चिखल जुन्या टूथब्रशने काढून, थेंबभर ऑइल सोडून रात्रभर तसंच ठेवायचं आणि सकाळी पुन्हा अॅलन की लावायची.